ट्रॅव्हल ट्रेलर आणि सोसाट्याचा वारा: पहिल्या लांब ट्रिपच्या आधी हे वाचून जा

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या ओळखीतल्या चार मराठी कुटुंबांनी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढायची चाकांवरची घरं, घेतले आणि प्रत्येकाचा पहिला फोन आला तो रिव्हर्स कसा घ्यायचा हे विचारायला. रिव्हर्स येतो हो, रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये दोन रविवार घालवले की येतो, आणि चुकलात तरी फार तर टेललाइट फुटते. वाऱ्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही, आणि गाड्या हायवेवर उलटतात त्या वाऱ्याने. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय, जे पहिल्यांदाच ट्रेलर घेऊन लांब निघणार आहेत त्यांच्यासाठी. आम्ही कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सच्या जवळ राहतो त्यामुळे उदाहरणं वायोमिंगची जास्त येतील, पण पाम स्प्रिंग्जजवळचा सॅन गोर्गोनियो पास असो, मोंटानातलं लिव्हिंग्स्टन असो की ओरेगनमधली कोलंबिया गॉर्ज, वारा सगळीकडे सारखाच वागतो.

आधी आमचं काय झालं ते सांगते. आई-बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजचं बुकिंग आम्ही जवळजवळ वर्षभर आधी करून ठेवलं होतं. तिथे अस्वलांमुळे फक्त पक्क्या भिंतींचे आरव्ही (राहायची सोय असलेल्या गाड्या आणि ट्रेलर) चालतात, तंबू नाही, म्हणून तर हौसेने ट्रेलर घेतलेला. फोर्ट कॉलिन्सहून हायवे २८७ ने लॅरमी, तिथून इंटरस्टेट हायवे आय-८० ने पश्चिमेला रॉलिन्स, मग परत २८७ ने वर टीटनकडे, असा प्लॅन. लॅरमीतून बाहेर पडताना रस्त्यावरच्या बोर्डावर ताशी ४५ मैलांच्या झोतांची सूचना होती आणि मी ती वाचली, पण ती सेमी, म्हणजे मोठे मालट्रक, चालवणाऱ्यांसाठी असेल असं धरून चाललो. आर्लिंग्टनच्या पुढे रस्ता एका कापलेल्या टेकडीतून बाहेर पडला आणि डाव्या अंगाने असा झोत आला की अख्खा ट्रक उजवीकडे सरकला, मी स्टिअरिंग सरळ करतेय तोवर आरशात दिसलं की ट्रेलरचं मागचं टोक एकदा इकडच्या पट्ट्यावर, एकदा तिकडच्या. घाबरून माझा पाय गॅसवरून आपोआप उठला, पुढे थोडा चढ होता, आणि तेवढ्याने ते शांत झालं. तो चढ तिथे होता हे आमचं नशीब, मला तेव्हा काय करायचं असतं हे अजिबात माहीत नव्हतं. एल्क माउंटनच्या एक्झिटला उतरलो आणि पाच तास तिथेच बसलो. बाबा खाली उतरून ट्रेलरभोवती एक चक्कर मारून आले, मागच्या रॅकवर लावलेल्या सायकली बघितल्या, आणि म्हणाले, "अगं बाळा, ही तर उलाळ गाडी आहे."

या एका शब्दात निम्मा विषय आला, पण त्याआधी वाऱ्याचा हिशोब बघू.

वारा नक्की किती ढकलतो

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. २४-२५ फुटी ट्रेलरची एक बाजू साधारण २०० चौरस फूट धरा. २० मैलांचा वारा बरोबर आडवा लागला तर त्या भिंतीवर ढोबळमानाने २०० पौंड जोर पडतो, ४० च्या वाऱ्याला ८००, आणि ६० च्या झोताला १८०० पौंड. म्हणजे "काल ३० चा वारा होता, जमलं, आज ४५ आहे, थोडा जास्त" हा विचार साफ चुकीचा आहे, ३० वरून ४५ म्हणजे जोर सव्वादोन पट.

समोरच्या वाऱ्याचंही तसंच. तुम्ही ६० ने चाललात आणि समोरून २५ चा वारा आहे म्हणजे ट्रेलरच्या दृष्टीने तुम्ही ८५ ने चाललात, हवेचा विरोध दुप्पट. गाडी धोक्यात येत नाही पण पेट्रोल इतकं झपाट्याने खाली जातं की पहिल्यांदा काटा बिघडलाय असं वाटतं, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी अर्ध्या टाकीला भरून घ्या, वायोमिंगमध्ये दोन पंपांमधलं अंतर मोठं असतं. पाठीमागचा वारा छान वाटतो, गाडी हलकी चालते, पण उतारावर तोच ढकलत ढकलत वेग वाढवतो आणि रस्ता वळला की तोच आडवा होतो.

पायरी १: वजन कुठे ठेवलंय ते बघा

ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे समजवायला लागत नाही. गाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भारच राहत नाही, गाडी उलाळ होते. बरोबर भरलेल्या गाडीत जुवावर थोडा भार हवाच, फार नको नाहीतर बैल दमतात, पण हवा. ट्रेलरचं तेच आहे. ट्रक आणि ट्रेलर जोडणारा सांधा म्हणजे हिच, तिच्या बॉलवर खाली दाबणारं जे वजन असतं त्याला टंग वेट म्हणतात आणि ते भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असायला पाहिजे. ६००० पौंडांचा ट्रेलर असेल तर ६०० ते ९०० पौंड. त्याच्या खाली गेलं की ट्रेलर वारं प्यायलेल्या वासरासारखा वागायला लागतो, शांत दिवशी कळतही नाही, पण एक झोत किंवा एक सेमी शेजारून गेला की सुरू.

आपली मंडळी इथे हमखास चुकतात आणि त्याला कारण आपलं स्वयंपाकघर. बऱ्याच ट्रेलरमध्ये किचन मागच्या टोकाला असतं, दिसायला फार सुंदर, मोठी खिडकी वगैरे, आणि आपण त्यात काय भरतो बघा, २० पौंडांची तांदळाची गोणी, तेवढाच आटा, डाळी, दोन कुकर, लोखंडी तवा, खलबत्ता सुद्धा, पाण्याच्या बाटल्यांचे दोन क्रेट. आमच्या मागच्या कपाटांत दीडशे पौंड सामान निघालं. त्याच्याही मागे, बंपरच्या रॅकवर, तीन सायकली. हे सगळं ॲक्सलच्या मागे, म्हणजे तराजूच्या त्या टोकाला, प्रत्येक पौंड हिचवरचा भार कमी करत होता.

मोजायचं कसं? अंदाजाने नाही. मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे गाड्या तोलायचा काटा, असतो, पिवळा-काळा बोर्ड लांबून दिसतो, फार महाग नाही, त्यावर ट्रकची पुढची चाकं एका प्लेटवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या प्लेटवर उभी करायची. ट्रिपला निघताना जसं भरता तसंच भरून, माणसं बसवून जा. एकदा ट्रेलर जोडून पण हिचचे स्प्रिंग बार (ते काय हे पुढच्या पायरीत येईल) काढून वजन घ्या, मग ट्रेलर बाजूला सोडून नुसत्या ट्रकचं घ्या, पहिल्या पावतीतल्या ट्रकच्या दोन प्लेटींच्या बेरजेतून दुसरी वजा केली की टंग वेट मिळतं. पहिल्या पावतीतल्या तिन्ही प्लेटींची बेरीज वजा नुसता ट्रक म्हणजे ट्रेलरचं पूर्ण वजन. सगळ्या खटाटोपाला अर्धा तास लागतो.

आम्ही वारा पडल्यावर हळूहळू रॉलिन्स गाठून हे केलं. ट्रेलर ६४०० पौंड, टंग वेट ४८०. साडेसात टक्के. बाबांनी नुसतं बघून सांगितलं होतं तेच. मग सायकली ओळखीच्यांकडे ठेवल्या, तांदूळ-आटा-कुकर-पाणी सगळं पुढच्या पलंगाखालच्या कप्प्यात हलवलं, परत वजन केलं तर ट्रेलर ६२७० आणि टंग ७४०, जवळजवळ १२ टक्के. ट्रेलर तोच, ट्रक तोच, चालवणारी तीच, पण त्यानंतर जे चालवलं ते वेगळंच वाहन होतं.

आता एक गोष्ट विसरू नका, हे टंग वेट ट्रकच्या पेलोडमधून जातं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर नको ते लिहिलेलं. आमच्या ट्रकला १६५० आहे. आम्ही पाच जण मिळून ६४०, टंग ७४०, हिचचं स्वतःचं लोखंड १००, झाले १४८०, उरले १७०. म्हणजे मागे बेडमध्ये टाकायला फार काही उरत नाही. जाहिरातीतला "इतके हजार पौंड ओढतो" हा आकडा बघून ट्रक घेतलेले लोक पेलोडमध्ये अडकतात, तेव्हा स्टिकर आधी वाचा.

पाण्याच्या टाक्या पण बघा. एक गॅलन पाणी म्हणजे ८.३ पौंड, ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड झाले. ताजी टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे हे मॅन्युअलमध्ये असतं किंवा वाकून बघा. पुढे किंवा ॲक्सलवरच असेल आणि वजनात बसत असेल तर वाऱ्याच्या दिवशी भरलेली बरी, वजन खाली राहतं. सांडपाण्याच्या टाक्या मागे असतील तर रिकाम्या करूनच निघा.

पायरी २: हिच, टायर, आणि बाकी लोखंड

वेट डिस्ट्रिब्युशन हिच घ्या, आणि त्यात स्वे कंट्रोल, म्हणजे ट्रेलरचं झुलणं आवरायची सोय, असलेली. साध्या बॉलवर जड ट्रेलर टाकला की ट्रकचा मागचा भाग खाली बसतो आणि पुढची चाकं हलकी होतात, आणि स्टिअरिंग तर पुढच्याच चाकांत असतं. हिचचे स्प्रिंग बार तो भार थोडा पुढे ढकलतात. पण हिच विकत घेणं आणि ती बरोबर लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्हाला ज्यांनी लावून दिली त्यांनी रिकाम्या ट्रेलरवर ॲडजस्ट करून दिली होती आणि आम्ही त्यात घर भरलं. म्हणून टेप घेऊन स्वतः मोजा: पुढच्या चाकाच्या वरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची ट्रेलर नसताना, मग ट्रेलर टाकून बारशिवाय, मग बार लावून. पुढचा भाग वर उचलला गेला असेल तर बारने तो परत खाली आला पाहिजे, किती यायला हवा हे ट्रकच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ट्रेलर सपाट रस्त्यावर सपाट दिसला पाहिजे किंवा नाक किंचित खाली, नाक वर असेल तर वाऱ्यात तो नाचणार.

टायरचं थोडक्यात. ट्रेलरच्या टायरमध्ये हवा थंड असताना भरायची, साधारणपणे टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी, कमी हवेचा टायर बाजूला लवतो आणि तो लवला की ट्रेलर झुलतो. ट्रकची हवा मात्र दाराच्या स्टिकरप्रमाणे. बऱ्याच एसटी टायरची (ट्रेलरसाठीच बनवलेले टायर) वेगमर्यादाच ६५ मैल असते, ती बघून घ्या. टायरवरच्या डीओटी नंबरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, पाच-सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर नक्षी कितीही छान दिसू दे, बदला.

निघण्याआधी: छताची व्हेंट बंद, अँटेना खाली, ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छप्पर) पूर्ण गुंडाळून लॉक, शक्य तर पट्ट्याने बांधा, कारण चालत्या गाडीवर वाऱ्याने ऑनिंग उलगडलं तर ते शिडासारखं फुगतं आणि भिंत घेऊन जातं.

पायरी ३: अंदाज वाचा, आणि निघायचं की नाही ते घरीच ठरवा

फोनवरच्या हवामान ॲपमध्ये "विंड १८" असं लिहिलेलं असतं तो सरासरी वारा. आपल्याला झोत पाहिजेत, गस्ट. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर गावाचं नाव टाकून तासागणिकचा ग्राफ उघडा, त्यात दोन्ही वेगळे दिसतात. फक्त सुरुवातीचं आणि शेवटचं गाव बघून भागत नाही, मधली सगळी बघा, आणि तुम्ही तिथे किती वाजता असाल त्या वेळेचं बघा. दिशाही बघा, ३० चा वारा समोरून आणि ३० चा आडवा यात फार फरक आहे. विंड ॲडव्हायझरी म्हणजे साधारण ४६ ते ५७ मैलांचे झोत, हाय विंड वॉर्निंग म्हणजे ५८ च्या वर, जागेप्रमाणे आकडे थोडे बदलतात. यातलं काहीही लागलेलं असेल तर ट्रेलर जोडूच नका.

आमच्या घरचा नियम असा आहे, आमच्या ट्रेलरसाठी आणि आमच्या ट्रकसाठी: झोत २५ पर्यंत, जातो. २५ ते ३५, दिशा बघून, हळू, आणि मधे थांबायच्या जागा आधी शोधून. ३५ च्या वर आडवा असेल तर वेळ किंवा रस्ता बदलतो. ४० च्या वर अजिबात नाही. नवीन असाल तर यातून पाच-पाच मैल कमी करा. तुमचा ट्रेलर आमच्यापेक्षा हलका, उंच किंवा लांब असेल तरी कमी करा.

उन्हाळ्यात मैदानी भागात वारा सकाळी पडलेला असतो आणि जमीन तापली की दुपारी वाढतो, म्हणून पहाटे पाचला निघून बारापर्यंत मुक्कामाला पोचायचं, आपल्याकडे उन्हाळ्यात गावाला जायला निघायचो तसं. पण हिवाळ्यात दक्षिण वायोमिंगमध्ये हा नियम चालत नाही, तिथे रात्रभर वाहतो. खंडाच्या कण्यासारखी जी डोंगररांग आहे ती तिथे खाली बसलेली आहे, पश्चिमेची हवा त्या खिंडीसारख्या फटीतून घुसते आणि एल्क माउंटनला, ११,१५६ फुटांचा आहे तो, वळसा घालून नेमकी हायवेवर येते. जुना यूएस ३० रस्ता उत्तरेला रॉक रिव्हर, मेडिसिन बो वरून गेलेला. आय-८० साठी जवळचा म्हणून डोंगराच्या पायथ्याचा मार्ग निवडला तेव्हा तिथल्या जुन्या लोकांनी सांगितलं होतं की तिकडून नेऊ नका. ऑक्टोबर १९७० मध्ये तो तुकडा सुरू झाला आणि लोकांनी लवकरच त्याला, व्हिएतनाम युद्धातल्या हो ची मिन्ह ट्रेलवरून, स्नो ची मिन्ह ट्रेल असं नाव ठेवलं. तो जुना रस्ता अजून आहे, लॅरमीतून निघून वॉलकॉटला परत आय-८० ला मिळतो, थोडा लांब पडतो. वारा तिकडेही असतो, पण वाहतूक आणि सेमी कमी, कडेला थांबायची सोय बरी, कधीकधी झोतही कमी असतात. दोन्हीचे आकडे त्या दिवशी बघून ठरवा.

वायोमिंगमध्ये ५११ चं, म्हणजे रस्त्यांची स्थिती सांगणाऱ्या सेवेचं, ॲप टाका. त्यात रस्त्याच्या तुकड्यांप्रमाणे वारा दिसतो आणि हलक्या ट्रेलरना मनाई किंवा हलक्या उंच वाहनांना रस्ता बंद असं स्पष्ट येतं. ते "हलके ट्रेलर" म्हणजे आपणच, हे मला त्या दिवशी माहीत असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मिशिगनच्या मॅकिनॉ पुलावर तर वारा वाढला की अशा गाड्यांना एस्कॉर्टबरोबर सोडतात आणि अजून वाढला की सोडतच नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेळापत्रकात एक दिवस मोकळा ठेवा. आपल्याकडे भारतातून आई-वडील आलेले असतात, सुट्टी मोजून मिळालेली असते, बुकिंग वर्षभर आधीचं असतं, एक रात्र गेली की पैसे गेले, आणि याच दडपणाखाली माणूस बोर्ड वाचूनसुद्धा पुढे जातो. मी गेले. कँपग्राउंडला फोन करून "वाऱ्यामुळे उद्या येतोय" सांगितलं की ते जागा सोडत नाहीत, असा आमचा तरी अनुभव आहे, फक्त न सांगता गैरहजर राहू नका.

पायरी ४: रस्त्यावर

उजवी लेन धरा. वेग ५५, झोत जाणवायला लागले की ५०, तरी गाडी सरकत असेल तर ४५ आणि ४५ लाही दोन्ही हातांनी झगडावं लागत असेल तर पुढच्या एक्झिटला उतरायचं, "अजून वीसच मैल" म्हणायचं नाही. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्यांना ५५ चीच मर्यादा आहे, वारा असो नसो. खूप हळू चालला असाल तर हॅझर्ड लाइट लावा. क्रूझ कंट्रोल बंद, टो-हॉल मोड (ट्रकची ओझं ओढायची सेटिंग) चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर पण मुठी आवळून नाही, घट्ट धरलं की माणूस जास्त वळवतो.

नजर लांब ठेवा आणि वारा "बघायला" शिका. गवत कुठे झोपलंय, पेट्रोल पंपाचा झेंडा ताठ आहे का, पुढचा सेमी तिरका चाललाय का, धूळ कुठून उडतेय. झोत कुठे लागणार हे बऱ्यापैकी आधी कळतं: कापलेली टेकडी संपते तिथे, पुलावर, दोन डोंगरांमधल्या फटीत, झाडांची रांग संपते तिथे. अशा जागेच्या आधीच पाय थोडा सैल करा.

सेमी शेजारून जाताना काय होतं ते नीट समजून घ्या, कारण नवीन माणूस इथेच दचकतो. मागून येणाऱ्या सेमीच्या पुढची हवा तुमचं मागचं टोक आधी बाहेर ढकलते आणि तो शेजारी आला की आत ओढते. त्यात वारा डावीकडून असेल तर तुम्ही स्टिअरिंग डावीकडे किंचित धरून चाललेले असता, सेमी आला की तो वारा अडवतो, अचानक जोर जातो आणि तुमची गाडी त्याच्याकडे सरकते, मग तो पुढे निघून गेला की वारा परत थाडकन लागतो. म्हणून आरशात सेमी दिसला की लेनमध्ये जरा उजवीकडे सरका, पाय सैल, त्याला लवकर जाऊ द्या. वाऱ्यात स्वतः सेमीला ओव्हरटेक करायला जाऊ नका.

उतारावर आधीच खालचा गिअर. वेग वाढल्यावर ब्रेक मारण्यापेक्षा वेग वाढूच न देणं सोपं. हवामान, ५११, फोन, गुगल मॅप हे सगळं शेजारच्या माणसाचं काम, आमच्याकडे नवरा दर वीस मैलांनी पुढच्या गावाचा झोत वाचून दाखवतो. चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचं नाही, आई-बाबांना कितीही पाय पसरायचे असले तरी नाही.

ॲरिझोनाकडे असाल आणि समोर धुळीची भिंत दिसली तर नियम वेगळा. आत शिरायचं नाही. शिरलातच तर रस्त्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं बाहेर, सगळे लाइट बंद, पार्किंग ब्रेक लावा आणि पाय ब्रेकवरून काढा. लाइट चालू राहिले की मागचा तुम्हाला रस्ता समजून तुमच्यामागे येतो.

ट्रेलर झुलायला लागला तर

आधी फरक ओळखा. अख्खी जोडी एका बाजूला सरकली तर ते वाऱ्याचं ढकलणं, हळूच सरळ करा, झालं. ट्रेलर मागे शेपटीसारखा डावी-उजवी करतोय आणि प्रत्येक फेरीला जास्त, तो स्वे. तेव्हा पाय गॅसवरून हळू उचला. ट्रकचा ब्रेक दाबू नका, ट्रक थांबतो आणि ट्रेलर त्याला मागून ढकलतो. स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, प्रत्येक हेलकाव्याला उलटं वळवायला जाऊ नका, तुम्ही नेहमी अर्धा सेकंद उशिरा असता आणि हेलकावा वाढवता. आणि ब्रेक कंट्रोलरवरचा (ट्रकमध्ये बसून ट्रेलरचे ब्रेक चालवायचं यंत्र) हाताचा लिव्हर हळूहळू दाबा. त्याने फक्त ट्रेलरची चाकं ब्रेक होतात, ट्रेलर मागून ओढ घेतो, ताणला जातो आणि सरळ होतो. वेग वाढवून बाहेर पडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

हा लिव्हर कुठे आहे हे मला त्या दिवशी माहीत होतं, पण हात कधी गेलाच नव्हता, आणि घाबरलेला हात नवीन जागा शोधत नाही. म्हणून रिकाम्या रस्त्यावर २५ मैलांना हे दहा वेळा करा, न बघता हात तिथे गेला पाहिजे. घरात जे जे चालवणार त्या सगळ्यांनी करा.

एकदा स्वे झाला की "थांबलं, चला" असं नको. पहिल्या सुरक्षित जागी थांबून कारण शोधा, वजन, हवा, बार, काहीतरी असतंच.

पायरी ५: थांबायचं कुठे आणि कसं

हायवेच्या शोल्डरवर नाही, पुलाखाली तर नाहीच, तिथे झोत उलट वाढतो. एक्झिट, ट्रक स्टॉप, रेस्ट एरिया. एखाद्या मोठ्या इमारतीच्या आडोशाला जागा मिळाली तर उत्तम. सेमीच्या आडोशाला मात्र उभे राहू नका, रिकामा सेमी स्वतः आडवा पडू शकतो. ट्रकचं नाक वाऱ्याकडे करा, म्हणजे लांब बाजू वाऱ्याला मिळत नाही. ट्रेलर सोडू नका, जोडलेलाच ठेवा, ट्रकचं वजन त्याला धरून ठेवतं. स्लाइड (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) आत, ऑनिंग आत, स्टॅबिलायझर (ट्रेलरला टेकू देणारे पाय) खाली. दार उघडताना एका हाताने घट्ट धरा आणि आधी मुलांना सांगून ठेवा, वाऱ्याच्या दिवशी दार हातातून सुटलं की बिजागऱ्यांसकट जातं. रात्रभर ट्रेलर हलणार, छत वाजणार, झोप लागणार नाही, ते चालतं. फारच हलत असेल तर उठून ट्रकमध्ये बसा किंवा गावात मोटेल घ्या.

एल्क माउंटनला त्या पाच तासांत आईने पिठलं-भात केला, त्याच मागच्या किचनमध्ये, तेच कुकर वापरून.

सकाळी निघताना ५११ परत बघा, वारा पडला म्हणजे रस्ता उघडला असं नसतं, कधी पुढे उलटलेला ट्रक उचलायचं काम चालू असतं. कपलरची (बॉलवर बसणारा ट्रेलरचा भाग) पिन, क्रॉस केलेल्या साखळ्या, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी), बार, लाइट, सगळं हाताने चाचपून बघा, रात्रभर हलल्याने पिना सैल होतात. छतावर एक नजर टाका, व्हेंटची झाकणं जागेवर आहेत ना. पहिले दोन मैल हळू, ट्रेलरचा ब्रेक हाताने एकदा दाबून बघा, पकडतोय ना. चाकं नुकतीच काढून लावलेली असतील तर ५० मैलांवर थांबून नट टॉर्क रेंचने तपासा.